चेंबरच्या नटाला चुंबक

चातुर्मासाची सांगता झाली की आपल्या घरांतून यात्रेचे बेत ठरू लागतात. मोर्शीकरांना परतवाड्यावरून मुक्तागिरी सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगी आहे. भातकुली अमरावतीच्या अगदी जवळ. कारंजा, शिरपूर, रामटेक म्हटले की मुक्कामाची तयारी लागते. घरातील वृद्धांना बसच्या गर्दीत नेणे जमत नाही, म्हणून घरची गाडी काढली जाते आणि त्यापूर्वी एकदा ती मिस्त्रीकडे दाखवली जाते. टायरची हवा, ब्रेक, दिवे, पाणी हे सारे आपण पाहतो. ऑइलही बदलून घेतो. परंतु जुने ऑइल ज्या भोकातून खाली उतरते त्या भोकाच्या नटाकडे पाहण्याची सवय आपल्याला नसते. या वेळी त्या नटाविषयी लिहावयाचे आहे. कारण गेल्या वर्षी एका नटाने मला अवघड प्रश्नासमोर उभे केले, आणि तो प्रश्न यंत्राचा नव्हता.

नट आणि त्याचे काम

इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणारे एक भांडे असते. आपल्याकडचे मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात. लहान गाडीत त्यात साधारण तीन ते चार लिटर ऑइल मावते. पंप हे ऑइल जाळीतून वर ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि फिरत्या भागांपर्यंत पोहोचवतो. तेथून ते ठिबकत पुन्हा चेंबरमध्ये येते. ऑइल बदलताना जुने ऑइल काढण्यासाठी चेंबरला खालून आट्यांचा एक नट बसवलेला असतो. त्याच नटाच्या आतल्या टोकाला लहानसा चुंबक जडवला की तो चुंबकी नट झाला. गाडी चालू असताना चुंबक ऑइलमध्ये बुडालेला राहतो आणि ऑइलबरोबर वाहत येणारे लोखंडाचे कण धरून ठेवतो.

हे कण येतात कोठून? पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर मिनिटाला हजारो वेळा घासतात. कॅमशाफ्ट, टायमिंगची साखळी, ऑइल पंपाचे दाते हे सारे लोखंडाचे किंवा पोलादाचे भाग एकमेकांना भिडून चालतात. त्यांच्यामध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर असतो म्हणून ते टिकतात. तरीही थोडी झीज होतेच. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. कागदी फिल्टर साधारणपणे २० ते ३० मायक्रॉनपेक्षा मोठे कण चांगले अडवतो. त्याहून बारीक कणांपैकी बरेचसे त्यातून निसटतात. शिवाय फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झाले तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून आतील झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जाते. अशा निसटलेल्या बारीक लोखंडी कणांपैकी काही चुंबक पकडू शकतो.

एवढे ऐकून काही जण लगेच नट विकत घ्यायला निघतील, म्हणून मर्यादाही सांगतो. चुंबक केवळ लोखंड ओळखतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. बेअरिंगांच्या आतल्या थरात ॲल्युमिनियम, तांबे, कथील असे धातू असतात. ते झिजले तरी चुंबकाला त्याचा पत्ता लागत नाही. धूळ आणि वाळूही त्याला दिसत नाही. म्हणून चुंबकी नट बसवला की फिल्टर उशिरा बदलला तरी चालेल, असे समजणे चूक आहे. नट बसवल्याने इंजिनचे आयुष्य अमुक वर्षांनी वाढते, असा दावा कोणी केला तर त्यावरही विश्वास ठेवू नये. चुंबक झीज थांबवत नाही. झीज झाल्यावर तिची खूण तो राखून ठेवतो. त्याचा खरा उपयोग एवढाच, आणि तो थोडा नाही.

हाताने गिअर टाकण्याच्या बहुतेक गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये ऑइलचा फिल्टरच नसतो. दातांवरून झडलेले पोलाद त्याच ऑइलमध्ये फिरत राहते. म्हणून इंजिनपेक्षाही गिअरबॉक्सच्या नटाला चुंबक असण्याची गरज अधिक. अनेक ट्रॅक्टर आणि ट्रक यांच्या गिअरबॉक्स व डिफरन्शियलच्या नटांना कारखान्यातूनच चुंबक जडवलेला येतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या तळाशीही बहुधा चुंबक ठेवलेले असतात. संत्र्याच्या बागेत ट्रॅक्टर चालवणाऱ्या आपल्या वाचकांनी पुढच्या वेळी ऑइल बदलताना नट उलटा करून पाहावा. टोकाला काळे काही चिकटलेले दिसेल.

निवडताना आणि बसवताना

पहिली गोष्ट मापाची. लहान गाड्यांच्या नटाचा व्यास बहुधा १२ किंवा १४ मिलिमीटर असतो. परंतु व्यास जुळला म्हणून आटे जुळतातच असे नाही. १२ मिलिमीटरच्या नटातही आट्यांमधले अंतर १.२५ किंवा १.५ मिलिमीटर असू शकते. चुकीचा नट दोन फेरे आत जातो, मग अडतो. तेथे पान्याने जोर केला की चेंबरचे आटे कापले जातात. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर हे फार लवकर होते, आणि पाचशे रुपयांच्या हौसेपायी संपूर्ण चेंबर बदलण्याची वेळ येते. जुना नट काढून त्याच्याशी नवा जुळवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट चुंबकाची. आज बाजारात दिसणारे लहान पण जोरकस चुंबक निओडिमियमचे असतात. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपान आणि अमेरिकेत ते जवळजवळ एकाच वेळी विकसित झाले. त्यांची शक्ती मोठी, परंतु साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर दुबळा होऊ लागतो. चालत्या गाडीचे ऑइल सहज १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे स्वस्तातल्या नटाचा जोर कमी होऊ शकतो आणि मालक मात्र निर्धास्त राहतो. अधिक उष्णता सोसणाऱ्या प्रतीचे निओडिमियम, समेरियम-कोबाल्ट किंवा अल्निको यांचे चुंबक घ्यावेत. चुंबक केवळ डिंकाने चिकटवलेला नसावा, नटाच्या खाचेत पक्का बसवलेला असावा. सुटलेला चुंबक चेंबरमध्ये पडणे ही नवी व्याधी. नट मूळ नटापेक्षा फार लांबही नसावा; आतील पत्र्याला किंवा जाळीला तो टेकता कामा नये.

तिसरी गोष्ट वॉशरची. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की त्याचे काम झाले. तो दर वेळी नवा घालावा. नट किती जोराने आवळायचा याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो मोजणारा पाना चांगल्या मिस्त्रीजवळ असतो. गाडी अजून हमीच्या मुदतीत असेल तर बाहेरचा नट बसवण्यापूर्वी कंपनीच्या केंद्रात विचारून घ्यावे.

काळा लेप वाचणे

नट काढला की त्याच्या टोकाला काळपट राखाडी लेप दिसतो. तो पाहून घाबरू नये. लेप चिमटीत घ्यावा. काजळासारखा मऊ लागला, बोटांना खर जाणवली नाही, तर ती रोजची झीज समजावी. नव्या इंजिनात पहिल्या काही हजार किलोमीटरांत तो जास्त असतो, कारण नवे भाग एकमेकांशी जुळत असतात. लेप बोटाला खरखरीत लागला, त्यात चमकते तुकडे, खवले किंवा सुईसारख्या काड्या दिसल्या, तर कोठे तरी काही बिघडते आहे. लेप पांढऱ्या कागदावर पुसून उजेडात पाहावा. कागदावर तारीख आणि किलोमीटर लिहून तो जपून ठेवावा. एका वेळच्या लेपावरून फार थोडे कळते. तीन-चार वेळचे कागद शेजारी ठेवले की झीज वाढते आहे की स्थिर आहे, हे निरक्षरालाही दिसते.

निघालेल्या ऑइलविषयीही दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. आपल्या भागात हे जळके ऑइल वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतात, नाहीतर ग्यारेजमागच्या मातीत ओततात. त्या मातीत किती जीव राहतात, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. २०१६ च्या केंद्र शासनाच्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास हवे. मिस्त्रीला एवढे विचारणे तरी आपल्या हाती आहे की, हे तू कोणाला देतोस?

समुद्रावरचा एक कण

सोलापूरच्या जैन घराण्यात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूस विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. मोटार आणि विमान ही एकाच यंत्रविद्येची दोन रूपे आहेत, हे त्यांनी ओळखले होते. चुंबकाच्या बाबतीतही हे नाते दिसते. मोटारीत चुंबकी नट ही ऐच्छिक गोष्ट, पण विमाने आणि हेलिकॉप्टर यांच्या ऑइलमध्ये चुंबक असणे हा नेहमीचा रिवाज. तेथे चुंबकाला विजेची तार जोडलेली असते. पुरेसा मोठा लोखंडी कण चिकटला की वैमानिकासमोर दिवा लागतो.

१ एप्रिल २००९ रोजी उत्तर समुद्रातील तेलविहिरीच्या फलाटावरून स्कॉटलंडच्या ॲबर्डीनकडे परतणारे सुपर प्यूमा जातीचे एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. १४ प्रवासी आणि दोन वैमानिक, असे १६ जण मरण पावले. ब्रिटिश अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल २०११ मध्ये आला. मुख्य गिअरबॉक्समधील एका चक्राला थकव्याने तडा गेला होता. त्या चक्रातून सुटलेला एक कण चुंबकाने २५ मार्चलाच, म्हणजे अपघाताच्या आठवडाभर आधी, पकडला होता. परंतु तो कण नेमका कशाचा, हे ओळखण्यात चूक झाली. देखभाल करणारे आणि बनवणारे यांच्या बोलण्यात गैरसमज राहिला. गिअरबॉक्सचा तो भाग उघडला गेला नाही. नंतरच्या तपासण्यांत आणखी कण सापडले नाहीत आणि हेलिकॉप्टर उडत राहिले. अहवालातील आणखी एक बाब विचार करावयास लावणारी आहे. त्या गिअरबॉक्समध्ये कचरा अडवण्यासाठी आणखी काही चुंबकांचे कडे बसवलेले होते. त्या कड्यामुळेच सुटलेले कण सूचना देणाऱ्या चुंबकापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी झाली होती.

चुंबकाने आपले काम केले होते. पुढचे काम माणसांचे होते.

माझ्या गाडीचा नट

उत्तर समुद्रावर समजण्यात चूक झाली. माझ्या बाबतीत मला सर्व काही समजले होते, म्हणून माझी गोष्ट सांगताना संकोच वाटतो.

माझी पेट्रोलची गाडी एक लाख किलोमीटर चालल्यावर मी तिला चुंबकी नट बसवून घेतला. पहिल्या वेळी लेप पातळ आणि मऊ होता. वर्षाने पुन्हा नट काढला, तेव्हा लेप दुपटीहून जाड होता आणि बोटांना खर लागत होती. मधल्या काळात दोनदा अर्धा-अर्धा लिटर ऑइल वरून भरावे लागले होते. मिस्त्रीने नट माझ्या हातात दिला आणि काही न बोलता हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. कागदी फिल्टरची एक कड फाटलेली होती. दोन हंगाम मी गाडी बागेच्या पांदणीतून धुळीत नेत होतो आणि नवा फिल्टर घालण्याऐवजी जुनाच हवेच्या नळीने झटकून घेत होतो. त्या फटीतून धूळ आत गेली होती. चुंबकाला धूळ पकडता आली नाही, पण धुळीने रिंगांवरून आणि सिलिंडरवरून खरवडलेले लोखंड त्याने जमा करून ठेवले होते.

"काकाजी, हे काई बरं दिसत नाई जी. रिंगा गेल्या वाटते," मिस्त्री म्हणाला.

अडचण अशी होती की ती गाडी विकण्याचे बोलणे आठवड्यापूर्वीच ठरले होते. घेणारा आपल्याच तालुक्यातील एक तरुण शेतकरी. त्याच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अमरावतीला न्यावे लागते. पहाटे निघायचे, अंधार पडल्यावर परतायचे. बसने ते हाल सोसवेनात, म्हणून त्याने कर्ज काढून गाडी घ्यायचे ठरवले होते. व्यवहार जुळवून देणाऱ्या दलालाला मी लेपाची गोष्ट सांगितली. तो हसला. "जाड ऑइल टाकू न काकाजी. आवाजबी बसते, धूरबी बसते. दोन-तीन महिने कोणाले काई समजत नाई."

त्या रात्री सामायिकाला बसलो, पण मन स्थिर होईना. मी स्वतःला सांगत होतो की मी काही खोटे बोलणार नाही. त्याने विचारले तर सांगेन. न विचारले तर गप्प राहीन. जुनी गाडी घेणाऱ्याने स्वतः पारखून घ्यावी, ही बाजाराची रीत आहे. युक्तिवाद एकामागून एक सुचत गेले, आणि ते इतक्या सहज सुचत होते, यावरूनच मी सावध व्हावयास हवे होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला शेवटचा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी खऱ्यासारखे दिसणारे देणे. पाठशाळेत मुलांना मी त्याचे उदाहरण म्हणून तुपात वनस्पती तूप मिसळणारा दुकानदार सांगत आलो. झिजलेल्या इंजिनात जाड ऑइल घालून ते निरोगी भासवणारा शिक्षक हे उदाहरण मला कधी सुचले नव्हते. तुपाच्या भेसळीने निदान रात्रीच्या रस्त्यावर आजारी माणूस अडकून पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला बोलावून घेतले. दोन वर्षांचे दोन कागद त्याच्यापुढे ठेवले, फाटलेला फिल्टर दाखवला आणि मिस्त्रीकडून रिंगांच्या कामाचा खर्च त्याच्यासमोरच विचारून घेतला. तो बराच वेळ कागदांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुमी सांगतलं म्हून समजलं काकाजी. नाईतं मले काय कयलं असतं?"

ठरलेल्या किमतीतून चाळीस हजार रुपये कमी झाले. माझ्या निवृत्तिवेतनात ही रक्कम लहान नाही आणि घरात त्यावर दोन दिवस अबोलाही राहिला. त्या पैशांतून त्याने आमच्याच मिस्त्रीकडून इंजिन उघडून रिंगा बदलून घेतल्या. दलालाने मला पुन्हा गिऱ्हाईक आणून द्यायचे नाही असे ठरवलेले दिसते. रस्त्यात भेटला तर तो दुसरीकडे पाहतो.

प्रतिक्रमणाला बसल्यावर आपण दिवसभरातील दोष आठवतो आणि ते मिथ्या व्हावेत अशी भावना करतो. ते आठवणे अनेकदा ठरलेल्या शब्दांपुरते उरते, कारण दोष आपल्याला नजरेसमोर दिसत नाहीत. इंजिनचा दोष चुंबकाने माझ्या हातावर ठेवला, म्हणून तो नाकारता आला नाही. तरीही रात्रभर मी तो पुसून टाकण्याच्या वाटा शोधल्याच. लेप फडक्याने पुसायला क्षणही लागत नाही, आणि पुसल्यावर नट अगदी नव्यासारखा चमकतो.

गाडी काढण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांनी म्हणून एवढे करावे. ऑइल बदलताना मिस्त्रीजवळ स्वतः उभे राहावे. नट पुसण्यापूर्वी हातात घ्यावा. लेप कागदावर घेऊन तारीख आणि किलोमीटर टाकावे. हवेचा फिल्टर झटकून पुन्हा घालण्याचा मोह टाळावा, आमच्या धुळीच्या रस्त्यांवर तर नक्कीच. आणि गाडी विकताना ते कागद तिच्या इतर कागदपत्रांबरोबर घेणाऱ्याला द्यावेत.

तो नट आता त्या तरुणाच्या गाडीत आहे. गेल्या महिन्यात त्याने ऑइल बदलले, तेव्हा पांढऱ्या कागदावर पुसलेल्या लेपाचे छायाचित्र मला मोबाईलवर पाठवले. लेप पातळ होता. कागदाच्या कोपऱ्यात तारीख होती, किलोमीटर होते, आणि खाली लिहिले होते, "बोटाले खर लागत नाई."